पहिलं आलं की आणलं?

पुणे, रविवार

प्रिय शिऱ्या,

तुझं पत्र वाचून हसलो. म्हणे इंग्लिश गायिका केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणं २०२२ साली ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं नाही, आणलं गेलं! वाद उकरून काढायची तुझी खोड काही जात नाही. बरं, घालूच.

गाणं ५ ऑगस्ट १९८५ ला बाजारात आलं. ब्रिटनच्या यादीत तिसऱ्यापर्यंत चढलं, अमेरिकेत तिसाव्यावर अडकलं. बाईंना नाव द्यायचं होतं ‘अ डील विथ गॉड’. रेकॉर्ड कंपनीचं धाबं दणाणलं. इटली, आयर्लंडसारख्या देशांत नावातच देवाशी सौदा दिसला, तर रेडिओवाले गाण्याला हात लावतील का? आधीचा अल्बम बेताचाच चालला होता, त्यामुळे बाईंनी ऐकलं. गाण्यात मात्र सौदा आहेच. बाईने आणि पुरुषाने जागा बदलून बघावी, म्हणजे एकमेकांचं दुखणं कळेल, एवढंच मागणं.

पुढे मे २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेचा चौथा सीझन आला. त्यात मॅक्स नावाच्या पोरीचा जीव हे गाणं वाचवतं. झालं, जगभरची पोरं तेच लावून बसली.

आता तुझा मुद्दा. ब्रिटनमध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १०० स्ट्रीम, म्हणजे गाणं नेटवर शंभरदा ऐकलं, की यादीत एक विक्री धरतात. जुन्या गाण्यांना त्याच एका विक्रीसाठी २०० लागतात, नाहीतर ती वरची जागा अडवून बसतील. बुशबाई या दुसऱ्या रांगेत. म्हणून जूनमध्ये एका आठवड्यात सर्वांत जास्त ऐकलं गेलं हे गाणं, आणि पहिल्या जागी हॅरी स्टाइल्सचं ‘ॲज इट वॉज’! मग यादीवाल्यांनी या गाण्याला २०० च्या नियमातून सूट दिली आणि १७ जूनला ते पहिलं आलं. याला तू वशिला म्हणतोस? अरे, निम्मं वजन धरायचा नियम खरा जुन्या, उतरणीला लागलेल्या गाण्यांसाठी. हे तर सुसाट होतं. नियम मोडला असं म्हण हवं तर, पण आकडे फुगवले असं म्हणू नकोस.

चढायला ३७ वर्षं लागली. पहिल्या जागी पोचायला सर्वांत जास्त वेळ घेण्याचा ‘लास्ट ख्रिसमस’ या गाण्याचा ३६ वर्षांचा विक्रम गेला, आणि बुशबाई ६३ व्या वर्षी पहिल्या आल्यामुळे सर्वांत वयस्कर गायिकेचा शेर या अमेरिकन गायिकेचा विक्रमही. अमेरिकेतही या वेळी तिसऱ्यापर्यंत चढलं.

आणि मुळात तू ते धड ऐकलंस का? मोबाईलच्या स्पीकरवर नको. हेडफोन लाव. तानपुऱ्यासारखा एक सूर तळाशी सतत धरलाय. त्यावर ड्रम मशीनची घोडदौड, आणि मग फेअरलाइट या इलेक्ट्रॉनिक वाद्यावरची ती रडवेली सुरावट. सूर हलत नाही, म्हणून बाकी सगळं पळतंय असं वाटतं. माझ्या मते १९८५ लाच ते पहिलं यायला हवं होतं, पण ते माझं वेड.

वहिनींना नमस्कार. उत्तर लिही, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
मन्या