बेनीचा शेवट

प्रिय वृंदा,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर द्यायचं राहिलंय, ते पुढच्या खेपेला. आज लिहितेय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही म्हणून. वाचनमंडळात पुढच्या महिन्यात आयरिश कादंबरीकार मेव्ह बिंची घ्यायची ठरली. मला इतका आनंद झाला! आणि लगेच शैला म्हणाली, "एवढं जाडजूड पुस्तक कोण वाचणार? 'सर्कल ऑफ फ्रेंड्स'चा सिनेमा आहे, तो दाखवू, नंतर अर्धा तास चर्चा." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठाकूरबाईंनीसुद्धा!

माझा गुडघा बरा आहे. बीपीची गोळी चालू. ह्यांचं ठीक.

तर सिनेमा. १९९५चा, तो वाईट नाहीच. मिनी ड्रायव्हरने नायिकेसाठी, बेनीसाठी, वजन वाढवलं होतं, आणि ती शोभतेही. किलकेनीतलं इनिस्टीओग गाव बेनीचं नॉकग्लेन म्हणून अगदी चपखल बसलंय. पण शेवटी बेनी आणि जॅक पुन्हा एकत्र येतात, आणि सगळं गोड होतं. पुस्तकात ती त्याच्याकडे परत जात नाही. तो येतो, ती त्याच्याशी चांगलं बोलते, आणि आपल्याला आता ह्याची गरज उरलेली नाही हे तिला उमगतं. पुस्तकाची सगळी मांडणी ह्या एका क्षणासाठी आहे. तो काढला की राहते ती जाड मुलीला देखणा मुलगा मिळाल्याची गोष्ट.

थांब, तू आता जॅकची वकिली सुरू करशील. "पोरगा होता गं, चुकला." ऐकलंय मी. पण एकदा नीट जुळवून बघ.

बेनी एकुलती एक. १९५७मध्ये ती डब्लिनला कॉलेजला जायला लागते, पण आईवडील तिला तिथे राहू देत नाहीत. रोज बसने जायचं, संध्याकाळच्या बसने परत. कॉलेजचं खरं आयुष्य, नाचगाणी, पार्ट्या, सगळं त्या बसनंतर सुरू होतं. जॅक डब्लिनचाच, डॉक्टरचा मुलगा, त्याची संध्याकाळ मोकळी. मग बेनीचे वडील जातात. पुरुषांच्या कपड्यांचं दुकान, तिथे पैसे खाणारा शॉन वॉल्श, खचलेली आई, हे सगळं त्या पोरीवर येतं आणि ती गावात अडकते. नेमकं तेव्हाच बेनीच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, नॅनला, सायमन वेस्टवर्डपासून दिवस जातात, आणि तो लग्नाला नाही म्हणतो. नॅन जॅकला गाठते आणि मूल त्याचंच म्हणून सांगते. कुठेही योगायोगाची ठिगळं नाहीत, वृंदा. बसचं वेळापत्रक, दुकानाची वही, त्या देशाचा कायदा, एकातून एक निघत जातं.

कायदा म्हणतेय कारण मंडळात कुणीतरी नक्की विचारणार, "एवढी हुशार मुलगी अशी कशी फसली?" आयर्लंडमध्ये १९३५पासून गर्भनिरोधकं विकायला आणि आणायला बंदी होती. १९७९च्या कायद्याने ती मिळू लागली, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. नॅनच्या वेळी लग्नाआधी दिवस गेले की रस्ते तीनच : घाईघाईने लग्न, नन्सच्या आश्रमात बाळंतपण करून मूल देऊन टाकणं, नाहीतर इंग्लंडची बोट. बाप दारुडा, आईने काटकसर करून पोरीला राणीसारखं वाढवलेलं. नॅनकडे दिसण्याशिवाय भांडवल नाही, आणि ते ती वापरते. मला तिचा राग येत नाही. बिंचीलाही येत नसावा, इतक्या आतून तिने ती लिहिली आहे.

आणि बेनीकडे बघ. दुकानाचे हिशेब ती स्वतः तपासते, कुठे पैसे गळतात ते शोधते, शॉनला बाहेर काढते. ईव्हसारखी मैत्रीण राखते. एवढं केल्यावर ती जॅकच्या एका हाकेसाठी थांबलेली असणार? आपल्या गोष्टीत कुरूप बदकाचा राजहंस होत नाही, ठाम बदक होतं, अशा अर्थाचं बिंची सांगायची. बेनी शेवटपर्यंत थोराड बांध्याचीच राहते, आणि छान राहते. शैलाला हे पटवायचं कसं, ते सांग.

माझी खरी काळजी ही की सिनेमा बघून सगळ्या म्हणतील, "गोड आहे, वेळ छान गेला," आणि बिंचीबाईंची कायमची रवानगी त्या कप्प्यात होईल. तिच्या देशातही तेच झालं. एडना ओब्रायनच्या पहिल्या कादंबरीवर १९६०मध्ये बंदी आली, जॉन मॅकगाहर्नच्या दुसरीवर १९६५मध्ये, आणि त्याची शिक्षकाची नोकरीही गेली. त्यांना मान आहे तो योग्यच. बिंचीवर बंदी कधी आली नाही. तिची पुस्तकं चार कोटींच्या वर खपली, विमानतळावर मिळाली, म्हणून तिला हलकं धरतात. पण कुमारी माता, दारू, घटस्फोट नसलेल्या देशातली मोडकी लग्नं, हे सगळं तिने अशा घरांत पोचवलं जिथे मॅकगाहर्न गेला नसता.

तुझा जुना आक्षेप आठवतोय : २०००नंतर ती पातळ झाली. थोडं खरं आहे. 'स्कार्लेट फेदर'नंतर तिने निवृत्ती जाहीर केली आणि पुन्हा लिहायला बसली. नंतरच्या पुस्तकांत जुनी माणसं सारखी येतात, क्वेंटिन्स रेस्टॉरंट येतं, मॉड आणि सायमन ही जुळी येतात. तुला तो आळस वाटतो. मला ते गाव वाटतं, वाचकाच्या ओळखीचं. ह्यावर आपण पुन्हा भांडू, पण समोरासमोर.

चर्चेच्या अर्ध्या तासात तिचं आयुष्य पाच मिनिटांत बसवणार आहे. वडील बॅरिस्टर, आई नर्स, चार भावंडांत थोरली. इतिहासाची पदवी, मग शाळेत शिकवणं. डब्लिनच्या ज्यू शाळेतल्या पालकांनी तिला इस्राएलची सहल भेट दिली. १९६३मध्ये तिथल्या किबुत्झमधून, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीतून, तिने घरी पत्रं लिहिली, ती वडिलांनी वर्तमानपत्राला पाठवली, आणि १८ पाउंड आले. शाळेचा पगार तेव्हा आठवड्याला १६! १९६८मध्ये आयरिश टाइम्सची महिला संपादक, मग लंडनमधून स्तंभ. १९७४चं सायप्रसचं युद्धही तिने वार्तांकनात घेतलं. १९७७मध्ये गॉर्डन स्नेलशी लग्न. पहिली कादंबरी 'लाइट अ पेनी कँडल' पाच ठिकाणांहून परत आली. १९८२मध्ये ती निघाली आणि पेपरबॅकचे हक्क ५२,००० पाउंडांना गेले. तेव्हा नवराबायकोचे घराच्या कर्जाचे दोन हप्ते थकलेले होते. हे सांगितलं की ठाकूरबाई सावरून बसतील, बघ.

मग तंत्र, कारण ह्यावर कुणी बोलत नाही. 'द लायलॅक बस'मध्ये दर शुक्रवारी डब्लिनहून रॅथडूनला जाणारी एक छोटी बस. प्रत्येक प्रकरण एका माणसाचं, चालकाचंही. तोच शनिवार-रविवार पुन्हा पुन्हा येतो, आणि एकाच्या प्रकरणात सहज दिसलेली गोष्ट दुसऱ्याच्या प्रकरणात जखम निघते. 'सिल्व्हर वेडिंग'मध्ये तेच, फक्त बसच्या जागी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, तिथे सगळ्यांना पोचायचंय. 'ईव्हिनिंग क्लास'मध्ये इटालियनचा वर्ग. आधी माणसं एकत्र येण्याचं साधं, पटणारं कारण, मग प्रत्येकाकडे दुसऱ्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट. असं लिहिणारे इथे फसतात की सगळ्यांचा आवाज एकच होतो. तिचा होत नाही, कारण तिला कुणाकडे किती पैसे आहेत ते पक्कं माहीत असतं. कोट कुठून घेतला, घरी पगारातले किती द्यावे लागतात, त्यावर माणूस बोलतो कसा हे ठरतं.

तर माझा बेत असा. सिनेमा दाखवायचाच असेल तर दाखवू, पण शेवटची दहा-पंधरा मिनिटं आधी बंद करायचा. दिवे लावायचे आणि पुस्तकातलं शेवटचं प्रकरण मी वाचायचं. मग प्रत्येकीला विचारायचं, सिनेमात काय झालं असेल? त्यानंतर उरलेला सिनेमा. शैला चिडेल. तू तिला एक फोन कर, तुझं ती ऐकते. आणि त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर जॅकची बाजू तूच मांड. समोर कुणीतरी चांगलं भांडणारं हवं.

तू डब्लिनला राहून अजून बिंचीच्या डॉकीला गेली नाहीस म्हणजे कमाल आहे! डार्ट लोकलमध्ये बसलीस की झालं. ती तिथेच वाढली आणि लंडनहून परतल्यावर तिथेच राहिली. गॉर्डन आणि ती माडीवर शेजारी शेजारी टेबल मांडून लिहायची. अर्ल्सफोर्ट टेरेसचा नॅशनल कॉन्सर्ट हॉल तर तुला जवळच. बेनीचं कॉलेज तेव्हा त्याच इमारतीत होतं. एक फोटो पाठव, मंडळात दाखवते.

चिन्मयची परीक्षा कधी संपते? सासूबाईंच्या व्हिसाचं कळव. नंदूकडे मेतकूट आणि गोडा मसाला दिलाय, तो २०ला निघतोय. नवी नोकरी मानवतेय ना? सविस्तर लिही, मी रागावलेली नाही.

तुझी,
मंगल

ता. क. पुस्तकाची आपली प्रत तुझ्याकडेच आहे, पेन्सिलीच्या खुणांची. नंदू परत येताना त्याच्यासोबत धाड, विसरू नकोस. मला वाचायला तीच हवी.