केदारनाथ नाही, काशी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

केदारनाथचं बुकिंग मी केलेलं नाही आणि करणारही नाही. काशी-प्रयागची तिकिटं काढली आहेत. नाशिकरोडहून, सेकंड एसी, दोन्ही खालचे बर्थ, कन्फर्म. बाबा, इथेच पत्राची घडी करून टेबलावर ठेवू नका, पुढे वाचा. आणि त्यांनी ठेवलंच तर आई, तू त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुम्हाला न विचारता काढली, मान्य. पण विचारलं असतं तर "बघू", मग "दिवाळी होऊ दे", मग "आता कुठली तिकिटं मिळतात" हे सगळं ओळीने झालंच असतं. पूर्वीसारखं चार महिने आधी रिझर्वेशन उघडत नाही आता. नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलंय आणि ज्येष्ठांचे खालचे बर्थ बघता बघता संपतात. तो कोटाही एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असली तर मिळतो, म्हणून शैलामावशी-काकांचं तिकीट वेगळं आहे. डबा तोच आहे, तेव्हा मावशी रुसली तर तिला हे कारण सांगा. आणि बाबा, ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती अजून बंदच आहे. तिकिटावरची रक्कम बघून खिडकीवर भांडायला जाऊ नका.

आता केदारनाथ. मी जाऊन आले तेव्हा तुम्हाला फक्त फोटो पाठवले होते. फोटोत देऊळ दिसतं आणि मागचा बर्फ दिसतो. वाट दिसत नाही. सोनप्रयागला आपली गाडी सोडायची, तिथून जीपने गौरीकुंड, आणि मग सोळा किलोमीटर चढ. 2013 च्या पुरात रामबाडा वाहून गेलं, त्यानंतर नदीच्या पलीकडून जी नवी वाट काढली ती जुन्यापेक्षा उभी आहे. दगडांवर खेचरांच्या लिदीचा आणि पाण्याचा राडा. मागून खेचरवाला ओरडत आला की डोंगराच्या अंगाला सरकायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही, हे पहिल्या तासाभरातच अंगवळणी पडतं. लिंचोलीच्या पुढे मी दहा पावलं चालत होते आणि कठड्याला टेकत होते. मी! रोज सकाळी टेकडी चढणारी.

"मग हेलिकॉप्टरने जाऊ," असं तुम्ही दादाला म्हणालात, ते माझ्यापर्यंत आलंय. बाबा, खरा घोळ हेलिकॉप्टरचाच आहे. पायी जाणाऱ्याचं शरीर निदान दोन दिवसांत हळूहळू सवय करून घेतं. गुप्तकाशी किंवा फाट्याहून उडालं की काही मिनिटांत साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथल्या हवेत आपल्याकडच्या दोन-तृतीयांशच प्राणवायू. तुमच्या स्टेंटला हे कोण समजावणार? त्यात ढग खाली आले की उड्डाणं बंद, म्हणजे वर गेलेला माणूस वरच. डॉक्टरांना मी विचारलं. ते हसले नाहीत, एवढंच सांगते.

तुम्ही म्हातारे झालात असं मी म्हणत नाहीये. रोज गंगापूर रोडवर चार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला तसं म्हणायची माझी हिंमतही नाही. उंची हा प्रकारच वेगळा आहे, तिथे तरण्याताठ्यांनाही खाली आणावं लागतं. सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवे 2025 मध्ये मंजूर झालाय, आठ-नऊ तासांची वाट 36 मिनिटांत होईल म्हणतात. तो होऊ दे, मग डॉक्टरांना पुन्हा विचारू. (उंची तेव्हाही तेवढीच असेल, पण ते तेव्हा बघू.)

आणि केदार काशीतही आहे. केदार घाटावर गौरी केदारेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या दर्शनाने हिमालयातल्या केदाराचं पुण्य मिळतं, असं काशीतली माणसं मानतात. फक्त घाटाकडून चढू नका, त्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. सोनारपुऱ्याच्या बाजूने गल्लीतून जा.

दुसरं म्हणजे बाबा, दर चातुर्मासात तुम्ही जो ग्रंथ लावता, एकनाथी भागवत, तो नाथांनी पूर्ण केला काशीत, 1573 साली. पैठणातून त्यांना तिकडे बोलावून घेतलं होतं, ती सगळी कथा तुम्हीच आम्हाला सांगायचात. आज उभं असलेलं विश्वेश्वराचं देऊळ 1780 च्या सुमारास अहिल्याबाईंनी बांधलं. राज्याभिषेकाला गागाभट्ट आले ते तिथूनच. त्या गावात तुम्ही एकदाही गेला नाहीत हे मला पटतच नाही. "काशीस जावे नित्य वदावे" म्हणतात, ते आपल्या घरात नुसतं वदून झालं.

तुम्ही म्हणाल, ग्रंथ पूर्ण झाला तो कार्तिकी पौर्णिमेला, मग पौर्णिमा का टाळली? मुद्दाम टाळली. त्या रात्री देवदिवाळीला सगळे घाट दिव्यांनी भरतात आणि माणसांनीही भरतात. हॉटेलवाले अव्वाच्या सव्वा भाव सांगतात आणि घाटावर पाय ठेवायला जागा नसते. 2003 च्या सिंहस्थात रामकुंडाजवळच्या चेंगराचेंगरीत काय झालं ते आपल्याला माहीत आहे, पुन्हा नको. डिसेंबर-जानेवारीत गेलं तर धुक्याने गाड्या तासन् तास उशिरा. पावसाळ्यात घाट पाण्याखाली, नावा बंद. म्हणून पौर्णिमेनंतरचा आठवडा धरला. आई, आपल्या पंचांगाने तेव्हा कार्तिकच चालू असेल आणि मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आत तू घरी असशील. घट मांडायचा चुकणार नाही, मी तारखा लावून बघितल्यात.

राहायची जागा अस्सी घाटाच्या बाजूला घेतली आहे. लिफ्ट आहे, खोलीत कमोड आहे, गीझर आहे. मी स्वतः फोन करून दोनदा विचारलं आणि बाथरूमचे फोटो मागवले, तो माणूस बहुतेक मला वेडी समजला असेल. सकाळी कांदा-लसणाशिवायचं जेवण सांगितलं तर करून देतात. अस्सीवर पहाटेची आरती होते. ती बघा आणि संध्याकाळचीही तिथलीच बघा. दशाश्वमेधची आरती मोठी, पण गोदौलिया चौकापुढे गाडी जात नाही आणि त्या गर्दीत आईचे गुडघे मला नकोत. नावेत बसायचं तर नमो घाटावरून बसा, तिथे गाडी जवळपर्यंत जाते आणि उतार केलेला आहे. पूर्ण नावेचे पैसे की माणशी, हे पाय टाकायच्या आधी ठरवायचं. लाइफ जॅकेट घालायचं. बाबा, पोहता येतं हे कारण चालणार नाही.

विश्वनाथाच्या देवळात मोबाइल, बॅग, पट्टा काही नेता येत नाही. तुमचं ते पावलं मोजणारं घड्याळसुद्धा नाही. सगळं खोलीतच ठेवून जा. गल्लीतले दुकानदार "लॉकर फ्री" म्हणून बोलावतात आणि मग महागाची पूजेची थाळी गळ्यात मारतात. सुगम दर्शनाचं तिकीट मी देवळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढून छापून पाठवते. आत कोणी "लाइन टाळून नेतो" म्हटलं तर हात जोडायचे आणि पुढे चालायचं. फोन नसल्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते बाहेरच ठरवा, आणि प्रत्येकाच्या खिशात माझा आणि हॉटेलचा नंबर लिहिलेला कागद हवा. हसू नका. मणिकर्णिकेवर कोणी येऊन गरिबांच्या सरणाच्या लाकडासाठी पैसे मागू लागला तर देऊ नका, तो धंदा आहे. आणि तिथे फोटो काढायचे नाहीत, ते मात्र आपल्या बाजूने.

आई, शालू घ्यायचा तर घे, पण रिक्षावाला नेईल त्या दुकानात नाही. त्याचं कमिशन तुझ्या साडीत लागतं. सिल्क मार्कचं लेबल बघ आणि पक्कं बिल घे. सारनाथ दहा किलोमीटरवर आहे, शुक्रवारी तिथलं संग्रहालय बंद असतं म्हणून शनिवार ठेवलाय. नोटांवरचे सिंह ज्यावरून घेतले तो मूळ अशोकस्तंभाचा शीर्षभाग तिथे आहे. बाबा त्याच्यापुढे तासभर उभे राहतील, तू बाकावर बस.

खाण्याचं. सकाळची कचोरी-भाजी एकदाच. मलइयो थंडीतच मिळतो, दुधाचा केशरी फेस कुल्हडमध्ये देतात, तोंडात घातला की काही उरतच नाही. बाबा, तुम्हाला दोन चमचे, आईच्या कुल्हडमधले. तिथला चहा म्हणजे पाक असतो, "बिना चीनी" असं आधीच सांगायचं, एकदा उकळला की काही करता येत नाही.

प्रयागला गाडी ठरवली आहे, सव्वाशे किलोमीटर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत. आई, तुला वेणीदान करायचंय हे तू मला कधी सांगितलं नाहीस, मावशीला सांगितलंस. करा. बाबांनी तुझी वेणी घालायची आणि टोक संगमात सोडायचं. माझ्या वेण्या तेच घालायचे तू बाळंतपणाला आजीकडे होतीस तेव्हा, एक वर एक खाली, आणि मी तशीच शाळेत जायचे. त्यांना जमेल. दक्षिणा आधी बोलून घ्या. आणि बाबा, तिथल्या पंड्यांकडे वंशावळीच्या वह्या असतात, गावावरून आणि आडनावावरून शोधतात. आजोबा 1962 साली गेले होते ना? त्यांची सही सापडली तर तिथेच खाली तुमची करा.

एक महत्त्वाचं. गाडी भुसावळला थांबेल. उतरायचं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं भुसावळनंतरची आहेत. गाडी हलली, तुम्ही बाटली घेऊन खाली उतरलेले, आई माझा फ्रॉक घट्ट धरून काहीच बोलत नव्हती, आणि दादा खिडकीच्या गजाला तोंड लावून "बाबा" म्हणून ओरडत होता. मग तुम्ही मागच्या डब्यातून चालत आलात, हातात केळ्यांचा घड, आणि आम्हालाच विचारलंत की रडताय कशाला. आता पाणी डब्यात मिळतं. केळीही मिळतात.

औषधांचे दोन संच करा, एक आईच्या पर्समध्ये, एक तुमच्या शबनममध्ये. गोळ्या सुट्या डबीत नको, पाकिटासकट हव्यात, म्हणजे दुकानदाराला नाव वाचता येतं. स्टेंटचं कार्ड, शेवटचा ईसीजी, मूळ आधार कार्ड. सत्तरच्या पुढच्यांना उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान कार्ड दादा या रविवारी येऊन काढून देणार आहे, योजनेतल्या रुग्णालयात ते दुसऱ्या राज्यातही चालतं. त्याला परत पाठवू नका. गाडीत काही झालं तर 139, बाहेर 112. पहाटे नदीवर गारठा असतो, कानटोपी घालायची, फोटोत कशी दिसते याचा विचार करायचा नाही.

हे शेवटी लिहितेय कारण लिहवत नव्हतं. मी येत नाहीये. सईची दहावी आहे, सराव परीक्षा त्याच आठवड्यात आहे, आणि माझी रजा मार्चसाठी राखून ठेवावी लागतेय. तारखा पुढे ढकलाव्यात असंही वाटलं होतं, पण पुढे धुकं, मग माघ मेळ्याची गर्दी, मग उन्हाळा. आणि खरं सांगू का, ढकलत राहायची भीती वाटते. मावशी-काका आहेत, काकांना तिकडची भाषा येते, गाडीवाला ओळखीतला आहे. रोज रात्री नऊला फोन, मी करीन, तुम्ही उचलायचा. आई, "काळजी करू नकोस" एवढं म्हणून ठेवायचा नाही, काय खाल्लं आणि गुडघा कसा आहे हे सांगायचं.

गंगा आणाल ती बंद तांब्याच्या गडूतच आणा. मावंदं घालायला मी आणि सई शनिवार-रविवार बघून येतो. पुरण आई, तू वाटायचं नाहीस, मिक्सर आहे आणि मी आहे. तोवर बाबांच्या चालू गोळ्यांच्या यादीचा फोटो आज रात्रीच पाठवा, मागच्या वेळेसारखा अंधारात काढलेला नको.

तुमची,
मनू