वाग्नरचा शेवट अर्धवट नाही

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवाच्या चित्रित ‘रिंग’वर, म्हणजे वाग्नरच्या चार ऑपेरांच्या मालिकेवर, आलेला लेख वाचला. (दिग्दर्शक पात्रिस शेरो, संगीतसंचालक पिएर बुलेझ.) मालिकेतल्या चौथ्या, अखेरच्या भागाचा, ‘ग्योटरडेमरुंग’चा शेवट ‘अर्धवट आणि प्रेक्षकाला हिणवणारा’ आहे, हे लेखकाचं मत मात्र पटलं नाही.

नायिका ब्रुनहिल्डे चितेत उडी घेते, ऱ्हाइन नदीला पूर येतो, खलनायक हागेन शापित अंगठीमागे धावत बुडतो. ‘अंगठीपासून दूर व्हा!’ ही त्याची आरोळी म्हणजे नाटकातले शेवटचे शब्द. तिथून पुढे उपशीर्षकं थांबतात, आणि वाचत वाचत ऑपेरा पाहणाऱ्याला वाटतं की सांगायचं सगळं सांगून झालं. खरं तर वाग्नरने शेवटासाठी आणखी शब्द लिहिले होते. 1852 च्या संहितेत ब्रुनहिल्डे संपत्ती, सोनं, देवांचा डामडौल सगळं झिडकारून फक्त प्रेम उरू दे म्हणते. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर वाचल्यावर त्याने 1856 मध्ये दुसरा मजकूर केला. त्यात ती चक्क पुनर्जन्मातून सुटल्याचं सांगते. आपल्याकडच्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल. संगीत देताना त्याने दोन्ही वगळले आणि काम वाद्यवृंदावर सोपवलं.

शेवटी व्हायोलिनवर येणारी सुरावट मालिकेच्या दुसऱ्या भागात, ‘वाल्क्यूरे’च्या तिसऱ्या अंकात, झीग्लिंडे या स्त्रीच्या तोंडी आहे. प्रियकर मारला गेलाय, तिला जगायचं नाही. पोटात मूल आहे हे ब्रुनहिल्डेकडून कळताच झीग्लिंडे या सुरात ब्रुनहिल्डेचा गौरव करते. त्यानंतर ही सुरावट थेट ‘ग्योटरडेमरुंग’च्या अखेरच्या प्रसंगातच भेटते. भाष्यकार तिला ‘प्रेमातून मुक्ती’ म्हणत आले, वाग्नरच्या लेखी ती ब्रुनहिल्डेची स्तुती होती. चौथा भाग सुटा पाहणाऱ्याला हे कळणार कसं?

आता शेवटी मंचावर दिसणाऱ्या त्या गर्दीबद्दल, जिची नजर लेखकाला हिणवणारी वाटली. कोसळलेल्या महालातून स्त्री-पुरुष आकाशातला वाढता उजेड (तिथे देवांचा महाल पेटलाय) भारावून पाहतात, ही सूचना खुद्द वाग्नरची आहे. शेरोने भर घातली ती एवढीच, की साध्या कपड्यांतली ती माणसं आगीकडे पाठ करून हळूहळू आपल्याकडे वळतात आणि बघत राहतात. देव जळाले, माणसं मागे राहिली. मग त्यांनी पाहायचं कोणाकडे? मला त्या नजरेत हिणवणं दिसत नाही, विचारणा दिसते. 1976 मध्ये, ‘रिंग’च्या शताब्दीला, बायरॉइटच्या प्रेक्षकांनी याच प्रयोगावर शिट्ट्या मारून संताप काढला होता. 1980 मध्ये अखेरच्या प्रयोगाला तासाभराहून जास्त टाळ्या पडल्या. ऱ्हाइनवर धरण आणि राजा गुंथरला डिनर जॅकेट, याबद्दलची लेखकाची कुरकूर मी समजू शकतो. मलाही ते धरण आवडत नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्यास लेखकाने त्याआधी ‘वाल्क्यूरे’चा तिसरा अंक ऐकावा आणि मग ‘ग्योटरडेमरुंग’ची अखेरची काही मिनिटं उपशीर्षकं बंद करून पुन्हा पाहावीत, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली