राखेचे थर आणि तुमची काळजी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, ‘शहराखाली पन्नासेक ज्वालामुखी, आणि तुम्ही तिथे निवांत राहता कसे?’ फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं, पण मनाला पटलं नाही. म्हणून हे पत्र.

ऑकलंडचे हे ज्वालामुखी डोंगर बहुतेक एकदाच फुटणारे. एक थंडावला की पुढचा दुसरीकडेच. त्यामुळे एका डोंगराचा इतिहास कळून भागत नाही, सगळ्यांचा क्रम लावावा लागतो. तो क्रम सापडतो तळ्यांच्या गाळात. पुपुके, ओराकेई, ओनेपोटो ही जुन्या स्फोटांची विवरं. त्यांत पाणी साठलं, हजारो वर्षं गाळ बसत गेला, आणि शेजारी कुठे स्फोट झाला की त्याची राख त्यात थर होऊन राहिली.

ड्रिल करून काढलेली गाळाची कोअर उभी चिरली की तपकिरी गाळात रांगोळीच्या रेघेएवढा काळा थर दिसतो. काळा म्हणजे इथलाच, बेसाल्टचा. पांढरट थर दूरचे, दक्षिणेकडच्या टाउपो आणि ओकाटाइना या ज्वालामुखींचे. आमची सगळी मदार त्यांच्यावर, कारण त्यांतल्या बऱ्याच थरांची वयं ठाऊक आहेत. टाउपोचा महास्फोट सुमारे 25,500 वर्षांपूर्वीचा. काळा थर त्याच्या खाली असेल तर तो त्याहून जुना. किती जुना, ते मधल्या गाळाच्या जाडीवरून काढायचं. मग राखेतले काचेचे कण वेचून मायक्रोप्रोब या यंत्राखाली त्यांची रासायनिक घडण तपासायची आणि ती कुठल्या डोंगराच्या खडकाशी जुळते ते बघायचं. मला हेच सगळ्यात अवघड वाटतं. दोन डोंगर इतके सारखे निघतात की निवाडा करताना हात आखडतो. अशा वेळी तोच थर कुठल्या तळ्यात जास्त जाड आहे, ते पाहावं लागतं; जाड थर म्हणजे स्फोट त्या तळ्याच्या जवळचा.

बाबा, आपल्या कुकडीकाठी बोरीला सापडणारी राख सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची. तिथे अश्मयुगीन हत्यारं मिळाल्यामुळे त्या राखेच्या वयावर केवढे वाद झाले! एका थराचं वय चुकलं की माणसाचा इतिहासच हजारो वर्षं पुढेमागे होतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इथल्या स्फोटांना ठरावीक अंतर नाही. 30,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास थोड्या काळात बरेच डोंगर फुटले, एरवी कधी हजारो वर्षं शांतता. शेवटचा रांगिटोटो, साधारण 600 वर्षांपूर्वी. शेजारच्या मोटुटापू बेटावर त्याच्या राखेत माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे आहेत. त्यामुळे ‘आता फुटायची वेळ झाली’ असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, आणि ‘आता काही होणार नाही’ यावरही नको. शिलारस वर येऊ लागला की आधी बारीक भूकंप होतात आणि इथली भूकंपमापकं ते चोवीस तास टिपत असतात. घरात आम्ही गरजेच्या सामानाची बॅग भरून ठेवली आहे, कुठल्या रस्त्याने निघायचं तेही ठरलंय.

आई, तुझ्या गुडघ्यांचं काय म्हणाले डॉक्टर? ते कळव, मगच तुमची तिकिटं काढते.

तुमची,
मनू