घडाघडा वाचलं म्हणजे कळलं असं नाही

संपादक महोदय,
प्राथमिकच्या मुलांचं वाचन तपासताना आपण नक्की काय तपासतो हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाय. मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजतात, ठीक आहे, पण अर्थ कळला का ते त्यातून कळत नाही, आणि उताऱ्याखालचे प्रश्न तर विचारूच नका. "गटक्याने फिंबूला डोसलं" असं काहीच अर्थ नसलेलं वाक्य द्या आणि विचारा, फिंबूला कोणी डोसलं? मूल लिहिणार गटक्याने, फुल मार्क्स! कळलं काय, शून्य. त्यापेक्षा पुस्तक मिटून "आता तुझ्या शब्दांत सांग बरं" म्हणा, किंवा गोष्टीतलं पात्र असं का वागलं असेल ते विचारा, लगेच समजतं.

आणखी एक, 1988 मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या उताऱ्यावर एक अभ्यास झाला होता, त्यात वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे एकाच उताऱ्यावरून मुलाला "कच्चा" ठरवणं चूकच ना. दोन-तीन वेगळ्या विषयांचे उतारे द्या, आणि एखादा मोठ्याने वाचून दाखवून प्रश्न विचारा, ऐकून कळतंय पण वाचून नाही तर अडचण बहुतेक अक्षरं जुळवण्यात आहे.

एक पालक