साहेब, म्हाताऱ्यांच्या खोकल्याची वाट पाहू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

आमचे अण्णा 74 वर्षांचे. गेल्या पावसाळ्यात त्यांचं जेवण तुटलं, धोतर कमरेवर ठरेना. ताप नव्हता, रक्त पडत नव्हतं, आणि खोकला तर विडीमुळे कायमचाच. दोन दवाखान्यांत एकच उत्तर मिळालं, ‘वय झालंय.’ आम्हालाही ते पटलं, हे आज फार सलतं. थुंकी तपासायला डबी दिली, पण बेडका काढायचं बळच नव्हतं. डबीत नुसती लाळ गेली आणि तपासणीत काही निघालं नाही. चार महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा उजवं फुप्फुस वरच्या बाजूनं क्षयानं पोखरलेलं होतं. तोवर धाकटी नात रोज त्यांच्याच कुशीत निजत होती.

2019 ते 2021च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे 316 रुग्ण सापडले. पंचावन्नच्या पुढे 588. एक्स-रे काढला नसता तर शंभरातले बेचाळीस रुग्ण हुकले असते, हेही त्याच पाहणीनं दाखवलं. डिसेंबर 2024च्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत साठीपुढच्यांना जोखमीच्या गटात धरलं, ते योग्यच झालं. पण ही तपासणी मोहिमेपुरती राहू नये. हातात उचलून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आता आहेत. ती वर्षातून एकदा प्रत्येक वाडीवर यावीत आणि खोकला असो-नसो, साठीपुढच्या प्रत्येकाचा एक्स-रे निघावा. डाग दिसला आणि थुंकी येत नसली, तर खारट पाण्याची वाफ देऊन ती काढता येते. एवढी सोय तालुक्याला हवीच.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लाल झाली. अण्णांना वाटलं रक्तच जातंय, त्यांनी गुपचूप गोळ्या बंद केल्या. औषधाचा रंग आहे हे आशाताईंनी सांगितलं तेव्हा आठवडा गेला होता. ही गोष्ट पहिल्याच दिवशी, घरच्यांसमोर सांगायला हवी. या वयात औषधांनी काविळीचा धोकाही वाढतो, म्हणून यकृताची तपासणी वेळच्या वेळी व्हावी.

क्षयरुग्णाच्या आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिना 1000 रुपये खात्यात आले, पण नांगर धरून झिजलेला अंगठा पैसे काढायच्या यंत्रावर उठेना. अशांना पैसे घरपोच मिळावेत.

अण्णांचा पाचवा महिना चालू आहे, वजन चार किलोंनी वाढलंय. नातीला प्रतिबंधक गोळ्या दिल्या. आमच्या वाडीत साठीपुढची आणखी एकतीस माणसं आहेत. त्यांच्यासाठी यंत्र कधी येईल, ते कृपया कळवावं.

आपला,
एका क्षयरुग्णाचा मुलगा