खाणकामगाराची नात

चंद्रपूर,
22 एप्रिल 2018

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

इथे ऊन मी म्हणतंय. दुपारी दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर हे सगळं नीट बोलता आलं नसतं.

तू मला अमेरिकेत, नॅशव्हिलमध्ये पुष्कळ काही दाखवलंस. पण मनात घर करून राहिलंय ते कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमचं, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांचं म्युझियम, आणि त्यातलंही गायिका लॉरेटा लिन यांचं प्रदर्शन. "आई, इंग्रजी गाणी तुला कळायची नाहीत, कंटाळशील," असं तू म्हणाली होतीस. त्या काचेसमोरून मला हलवताना तुलाच कंटाळा आला असेल. झालरींचे ते पायघोळ झगे मी किती वेळ पाहत होते! सुरुवातीला स्टेजवरचे कपडे त्या स्वतःच शिवायच्या, हे तू वाचून सांगितलंस आणि मला ती बाई एकदम आपल्यातली वाटली. ब्लाउज शिवून घर चालवलेल्या बाईला ते कळतं.

घरी आल्यावर तुझ्या भावाला त्यांची माहिती मोठ्याने वाचायला लावली. केंटकीच्या डोंगरातल्या बुचर हॉलरचा जन्म, आठ भावंडांत दुसऱ्या, वडील कोळशाच्या खाणीत. पंधराव्या वर्षी लग्न. नवऱ्याने सतरा डॉलरची गिटार आणून दिली, तीवर त्या आपल्या आपण शिकल्या. 1960 साली पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा ती पोचवायला नवरा-बायको गाडीने एका रेडिओ स्टेशनवरून दुसऱ्यावर हिंडले. पुढे 1972 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, तरी या 14 तारखेला 86 पूर्ण केली.

पण वडील पहिल्या रेकॉर्डच्या आदल्याच वर्षी, 1959 ला गेले. त्यांच्यावरचं 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे 'खाणकामगाराची मुलगी', हे लॉरेटाबाईंचं गाणं साऱ्या जगाने ऐकलं, त्यांनी नाही. हे ऐकून मी तुझ्या भावाला वाचणं थांबवायला सांगितलं.

मनू, आता जे सांगायचंय ते सांगते. तिथे म्युझियममध्ये शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, आणि तू म्हणालीस की माझे वडील कोळशाच्या कंपनीत नोकरीला होते. तेवढं इंग्रजी मला कळतं. तू खोटं बोलली नाहीस. पण माझे बाबा घुग्घुसच्या खाणीत उतरायचे, हातात फावडं घेऊन. कंपनीतली नोकरी म्हटलं की टेबल-खुर्ची डोळ्यांपुढे येते. ती त्यांच्या वाट्याला कधी आली नाही.

रात्रपाळी करून सकाळी यायचे. अंगणातल्या दगडावर बसून आंघोळ करायचे, पहिल्या दोन बादल्यांचं पाणी काळंच वाहायचं. कितीही साबण लावला तरी डोळ्यांच्या कडांना कोळसा राहायचा, काजळ घातल्यासारखा. मग तुझी आजी पदराचं टोक खोबरेल तेलात बुडवून तो हलक्या हाताने पुसायची आणि ते डोळे मिटून गप्प बसायचे. आम्ही पोरं शाळेचं दप्तर घेऊन तिथेच उभी. त्या वेळी ते कुणाशी बोलत नसत, खोकला तेवढा चालू असायचा. 1973 ला खाणी सरकारने घेतल्या, पगार हळूहळू बरा झाला, मला मॅट्रिकपर्यंत शिकता आलं. छातीतली धूळ मात्र गेली नाही. तू इंजिनियर झालेली त्यांनी पाहिली नाही.

लॉरेटाबाईंनी 'कोल मायनर्स डॉटर' लिहिलं तेव्हा ते बरंच लांब होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी त्यांना काही कडवी काढायला लावली आणि ती कडवी पुढे हरवूनच गेली. जी उरली त्यांत आईच्या धुणं धुवून सोललेल्या बोटांतलं रक्त आहे, उन्हाळ्यात अनवाणी फिरणं आहे, डुक्कर विकून घेतलेले बूट आहेत. यातलं काहीच त्यांनी झाकलं नाही. मग गाळलेल्या कडव्यांत काय असेल? परवापासून माझ्या डोक्यात हेच आहे. आपल्या घरची कडवी कुणी गाळायला सांगितली नव्हती, आपणच गाळली. मीही. तुमच्या शाळेच्या फॉर्मवर आजोबांचा व्यवसाय मी "नोकरी" लिहायचे. तू ते माझ्याकडूनच उचललंस, तुझा त्यात दोष नाही.

कालपासून एका वहीत लिहायला घेतलंय. आंघोळीचा दगड, पगाराच्या दिवशीची जिलेबी, खाणीत पाणी शिरलं ती रात्र. त्या रात्रीचं मला अर्धंच आठवतं, मावशीला विचारून पूर्ण करते. पानांचे फोटो पाठवीन, तू वाच आणि तिथे कुणी विचारलं तर इंग्रजीत सांग.

प्रदर्शन उतरायच्या आत एखाद्या रविवारी पुन्हा जाऊन ये. त्या झग्यांच्या झालरीची शिवण जवळून बघ, हाताची आहे की मशीनची. मला चष्म्यामुळे नीट दिसलं नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई